डोनेशनची पोरं? जरा थांबा, हिशोब करू

परवा आपल्या शहरातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरला. एका मोटारसायकलवर तिघं, पाठीला कॉलेजच्या सॅक, मधल्याच्या हातात मोबाईल. खाली ओळ: "बापाने डोनेशन भरलंय, अभ्यास कशाला करायचा!" पाऊण तासात हसणाऱ्या इमोजींचा ढीग पडला. ग्रुपमध्ये वकील आहेत, डॉक्टर आहेत, दोन निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आम्ही चार-पाच पत्रकार आहोत. एकानेही विचारलं नाही की ही पोरं कोण, कुठल्या कॉलेजची, आणि डोनेशन भरताना त्यांच्या बापाला कुणी पाहिलं.

मीही विचारलं नाही. हसणारा इमोजी दाबणारच होतो, तेवढ्यात अकरा वर्षांपूर्वीची माझीच एक बातमी आठवली आणि अंगठा थांबला. त्या बातमीचं शेवटी सांगतो. आधी हिशोब करू.

आपल्या जिल्ह्यात खासगी कॉलेजच्या पोरांबद्दल चार वाक्यं पाठ असतात. टपरीवर, लग्नात, सलूनमध्ये, कुठंही ऐका.

एक, ही पैसेवाल्यांची पोरं. दोन, यांना मेरिट नसतं, मॅनेजमेंट कोट्यातून शिरतात. तीन, ही शिकत नाहीत, कॉपी करून डिग्री घेतात. चार, ही स्कॉलरशिपवर जगणारी फुकटी, कॉलेजात नावालाच.

पहिलं आणि चौथं वाक्य एकाच तोंडातून येतं. मी ऐकलंय. चहा यायच्या आधी "पैसेवाल्यांची पोरं" आणि चहा संपताना "सरकारच्या पैशावर फुकट शिकायलेत". अहो, दोन्ही एकाच वेळी कसं? बाप पैसेवाला असेल तर पोरगं सरकारच्या पैशावर कसं? बरं, ही नुसती तर्काची गोष्ट नाही, नियमाचीही आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्यायची तर कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला लागतो. संस्था स्तरावरच्या जागेवर, ज्याला आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो, प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती गेली. म्हणजे "डोनेशनवाला" आणि "स्कॉलरशिपवाला" हा एकच मुलगा असूच शकत नाही. आपण मात्र त्याला दोन्ही शिव्या देतो. ज्याच्यावर दोन उलटे आरोप एकदम होतात, त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहिती नसते, एवढंच त्यातून कळतं.

मग हे डोनेशनचं आलं कुठून? आभाळातून पडलं नाही. त्यामागे खरा इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढं जाणं लबाडी होईल.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी मराठवाड्यातल्या पोराला इंजिनिअर व्हायचं म्हणजे मुख्यतः औरंगाबादचं १९६० सालचं सरकारी कॉलेज, नाहीतर पुण्या-मुंबईकडं नशीब. जागा मोजक्या. त्या धोरणाने कॉलेजं उभी राहिली, आपल्याकडंही राहिली. धाराशिवला तेरणा ट्रस्टचं, तुळजापूरला तर देवीच्या मंदिर संस्थानाने उभं केलेलं. पण सरकारी अनुदान नाही म्हटल्यावर खर्च पालकावर आला, आणि ठरलेल्या फीच्या वर बिनपावतीचा पैसा सुरू झाला. "डोनेशन" हा शब्द मराठीत तेव्हा रुजला. शिक्षणसम्राट हा शब्दही त्याच हंगामातला.

हे इतकं बोकाळलं की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहिनी जैन खटल्यात कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने फ्री सीट आणि पेमेंट सीट अशा दोन पंगती मांडल्या. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. आमच्या बारावीच्या वेळी "फ्री लागली का पेमेंट?" हाच प्रश्न असायचा. फ्रीवाला ताठ मानेने चालायचा, पेमेंटवाला मान खाली घालून. २००२ मध्ये टीएमए पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना मोडली. २००५ मध्ये पुण्याच्या इनामदार खटल्यात सात न्यायाधीशांनी सांगितलं की विनाअनुदानित संस्थेवर सरकारला स्वतःचा कोटा लादता येणार नाही, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. २०१५ मध्ये राज्याने विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचा प्रवेश आणि शुल्क नियमनाचा कायदा केला. आता सीईटी सेल प्रवेश करतो, शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची फी ठरवून देतं, आणि अभियांत्रिकीत संस्थेच्या हातात जास्तीत जास्त वीस टक्के जागा राहतात.

म्हणजे १९८५ साली कुणी "डोनेशनची पोरं" म्हटलं असतं तर त्यात तथ्य होतं. १९९५ ला "पेमेंट सीट" म्हटलं असतं तरी अर्धं खरं होतं. पण आज आपण चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य, त्यावरची धूळही न झटकता, वापरतोय. कायदे बदलले, निकाल आले, पोरांची पिढी बदलली, त्या पोरांचे बाप बदलले. टोमणा तोच.

लगेच कुणी म्हणेल, "पत्रकारसाहेब, कायद्याचं सांगू नका, डोनेशन आजही चालतं." चालतं. जिथं जागा कमी आणि मागणारे जास्त, तिथं पैसा बोलतो. वैद्यकीयला बोलतो, पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर ब्रँचला बोलतो. पण आपल्या भागातल्या कॉलेजात? जिथं कॅपच्या फेऱ्या संपल्या तरी जागा रिकाम्या राहतात, जिथं जून-जुलैत प्राध्यापकच मोटारसायकली काढून गावोगाव "आमच्याकडं ॲडमिशन घ्या" म्हणत फिरतात, तिथं डोनेशन देईल कोण आणि कशाला? जी वस्तू दारात आणून देतात, तिला लाच देऊन कुणी विकत घेत नाही. साधा बाजाराचा नियम आहे, आडतीवर बसणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा.

आता आपल्या जिल्ह्याचं बघू. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून चार जिल्हे होते. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपला. आकांक्षित हा गोड शब्द आहे, अर्थ मागास. या जिल्ह्यातला खरा पैसेवाला, म्हणजे मोठा कंत्राटदार, बागायतदार, पुढारी, त्याचं पोरगं इथं शिकतं का? तो दहावीनंतर लातूरला पाठवतो, बारावीनंतर पुण्याला. फ्लॅट घेऊन देतो. इथल्या खासगी कॉलेजात राहतं ते लेकरू, ज्याच्या बापाला पुण्यातलं खोलीभाडं आणि मेस परवडत नाही. म्हणजे आपल्याकडं चित्र बरोब्बर उलटं आहे. पैसेवाले बाहेर गेले आणि मागं राहिलेल्यांना आपण पैसेवाले म्हणतोय.

पटत नसेल तर एक सोपं काम करा. सकाळी साडेनऊला कुठल्याही खासगी कॉलेजच्या गेटसमोर उभे राहा. मी राहिलोय. गाडीवरून येणारे डोळ्यात भरतात, कारण ते आवाज करत येतात. पण एसटीतून आणि काळी-पिवळी जीपमधून उतरणारे मोजा. तेर, ढोकी, येडशी, बेंबळी. डबा घरून आलेला. मुली दोघी-तिघी मिळून चालत येतात, स्टँडपासून, कारण रिक्षाचे रोजचे पैसे महिन्याला किती होतात हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहिती असतं. जे आवाज करतात ते आपल्याला दिसतात. जे गुपचूप गेटातून आत जातात ते दिसत नाहीत. आपली सगळी मतं त्या आवाजावर उभी आहेत.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. त्यांच्यासाठी वेगळा टोमणा ठेवलाय: "लग्नाच्या बायोडाटासाठी डिग्री." जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आधी ती निम्मी होती. इथंही अट कॅपमधून प्रवेशाची. हा निर्णय आला तेव्हा कळंब तालुक्यातल्या एका मुलीच्या आईने मला विचारलं होतं, "दादा, हे खरंच हाय का? का परत पहिले भरा मग मिळतील म्हणतेत?" त्या बाईला निर्णयाचा तपशील आमच्या वार्ताहरापेक्षा जास्त माहिती होता. जिच्या शिक्षणासाठी आई असे प्रश्न विचारत फिरते, ती मुलगी बायोडाटासाठी शिकत नसते. आणि समजा शिकली बायोडाटासाठी, तर तो बायोडाटा मागणारे कोण? आपणच ना?

आता मेरिट. इथं मी पळवाट काढणार नाही. आपल्याकडच्या काही कॉलेजांत सीईटीचे पर्सेंटाइल बरेच खाली जाऊनही प्रवेश मिळतो. हे खरं आहे. पण कमी पर्सेंटाइल म्हणजे कमी डोकं, हे कुणी सिद्ध केलं? सीईटी ही एका दिवसाची शर्यत आहे. एक पोरगं दोन वर्षं लातूरला क्लास लावून, रोज सराव परीक्षा देऊन धावतं. दुसरं गावातल्या ज्युनियर कॉलेजात, जिथं फिजिक्सचा मास्तर अर्धं वर्ष नव्हता, तिथून सोयाबीनची रास घरी टाकून धावतं. दोघांना एकाच रेषेवर उभं करून दुसऱ्याला आपण म्हणतो, "तुझ्यात मेरिट नाही." मी असं म्हणत नाही की दुसरं पोरगं जास्त हुशार आहे. कदाचित असेल, कदाचित नसेल. मी एवढंच म्हणतो की त्या आकड्यावरून ते कळत नाही.

आणि आत गेल्यावर काय? स्वायत्त कॉलेजं सोडली तर पेपर विद्यापीठाचा. अभियांत्रिकीला लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा, बीए-बीएस्सी-बीसीएला मराठवाडा विद्यापीठाचा. जो पेपर अनुदानित कॉलेजच्या पोराला, तोच विनाअनुदानितच्या. उलट आज अनुदानित कॉलेजच्या इमारतीतही बीसीए, बीबीएचे वर्ग विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. एकाच व्हरांड्यात, उजवीकडच्या वर्गातलं पोरगं "अनुदानित" आणि डावीकडचं "खासगी". दोघंही एकाच कॅन्टीनला चहा पितात. आता सांगा, टोमणा कुठल्या भिंतीपासून सुरू करायचा?

"खासगी" या शब्दाचीच गंमत बघा. फर्ग्युसन १८८५ चं, लोकांनी काढलेलं. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, कर्मवीरांची. आपल्या मराठवाड्यात निजामाचं राज्य गेल्यावर पहिली धडपड कुणाची? १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, ज्याला आपण मिलिंद म्हणतो. त्याच साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारातलं पीपल्स कॉलेज. यातलं एकही सरकारने काढलेलं नव्हतं. आजही देशातली तीन चतुर्थांशाहून जास्त कॉलेजं खासगी व्यवस्थापनाची आहेत. खासगीला शिवी म्हणून वापरायचं तर महाराष्ट्राच्या अर्ध्या इतिहासाला शिवी द्यावी लागेल. कॉलेज चांगलं की वाईट, हे ते कुणाच्या मालकीचं आहे यावर ठरत नाही, ते कसं चालवलं जातं यावर ठरतं. आणि ते कसं चालवायचं हे विद्यार्थी ठरवत नाही.

आता तिसरा आरोप, शिकत नाहीत आणि कॉपी करतात. यातही खरं आहे आणि मी ते डोळ्याने पाहिलंय. परीक्षेच्या काळात खिडकीखाली उभे असलेले भाऊ, मित्र पाहिलेत. वर्गात साठ नावं आणि बाकावर बारा जण, हेही पाहिलंय. पण जरा खोलात जा. हजेरी का नाही? काही पोरं टवाळ आहेत म्हणून, होय. काही पोरं सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढायला रानात असतात म्हणून. काही पेट्रोल पंपावर, मेडिकलवर, मोबाईलच्या दुकानात कामाला असतात म्हणून. आणि काही येऊन बघतात तर शिकवायलाच कुणी नसतं म्हणून. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, नेट-सेट, पीएचडी झालेला, तासाच्या पैशावर दोन-तीन कॉलेजं फिरतो, मानधन महिनोन्‌महिने येत नाही. त्याने काय शिकवायचं आणि कुणाच्या जिवावर?

आणि कॉपी एकटा विद्यार्थी करत नसतो. केंद्र कॉलेजचं, पर्यवेक्षक कॉलेजचा, भरारी पथक विद्यापीठाचं. सामूहिक कॉपी ही नावाप्रमाणेच सामूहिक असते. बातमीत मात्र फोटो चिठ्ठी काढणाऱ्या पोराचा येतो, केंद्रप्रमुखाचा कधी आलाय?

गैरप्रकार ही खासगीची मक्तेदारी आहे असंही समजू नका. आपल्या शेजारच्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री होते, १९८६ ला पायउतार झाले. कशावरून? मुलीचे एमडी परीक्षेतले गुण वाढवल्याच्या आरोपावरून, हायकोर्टाच्या ताशेऱ्यांनंतर. ती परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती, कुठल्या गल्लीतल्या खासगी संस्थेची नव्हती. त्यावरून कुणी कधी म्हटलं का, मुंबई विद्यापीठाची सगळी पोरं तसलीच? नाही म्हटलं. मोठ्या नावाला एका प्रकरणाची सूट मिळते. लहान नावाला एका प्रकरणात जन्मठेप.

मग हा टोमणा इतका टिकला का? माझं उत्तर कडू आहे आणि त्यात मीही येतो.

टिकला, कारण तो फुकट आहे. संस्थाचालकाला बोललं तर किंमत मोजावी लागते. तो आमदार असतो, नाहीतर आमदाराचा माणूस असतो. कारखाना त्याचा, बँक त्याची, सोसायटी त्याची. आपल्या भाच्याला तिथंच चिकटवायचं असतं. म्हणून आपण त्याच्या वाढदिवसाला शाल घेऊन जातो आणि परत येताना त्याच्याच कॉलेजच्या पोराला टोमणा मारतो. राजाला मुजरा आणि प्रजेला दगड.

आम्ही पत्रकार तर याहून पुढं. जून महिना आला की कॉलेजच्या जाहिराती येतात. पान भरून. "प्रशस्त इमारत, तज्ज्ञ प्राध्यापक, शंभर टक्के प्लेसमेंट." तज्ज्ञ प्राध्यापक किती कायम आणि किती तासिकेवर, हे आम्ही विचारत नाही. शंभर टक्के म्हणजे किती पोरांपैकी किती आणि पगार काय, हे विचारत नाही. जाहिरातीच्या टक्क्यावर आमचं घर चालतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही, पण त्यामुळे गप्प बसतो याची वाटते. आणि मग वर्षभर त्याच कॉलेजच्या पोरांच्या भांडणाच्या बातम्या "खासगी महाविद्यालयातील टोळक्याचा राडा" म्हणून लावतो. सरकारी आयटीआयच्या किंवा बिनशिकलेल्या पोराने भांडण केलं तर "दोन गटांत हाणामारी". खासगी कॉलेजचं पोरगं असलं की कॉलेज मथळ्यात येतं. मी स्वतः असे मथळे किती लावले, मोजलेले नाहीत.

या टोमण्याची किंमत कुणीतरी भरतंच. ओळखीतली एक मुलगी, बीसीए, इथल्याच कॉलेजची. शहरातल्या एका ठिकाणी कॉम्प्युटरच्या कामाला मुलाखतीला गेली. समोरच्याने पहिला प्रश्न विचारला, "कॉलेज कुठलं?" तिने नाव सांगितलं. तो शेजारच्याकडं बघून हसला. म्हणाला, "कळवतो." एक्सेल येतं का, टॅली येतं का, टायपिंगचा स्पीड किती, काही नाही. तिला तिन्ही येतं. ती घरी आली आणि आईला म्हणाली, "मला नापास केलं असतं तर चाललं असतं. परीक्षाच घेतली नाही." नंतर ती पुण्याला गेली, तिथं परीक्षा घेतली, काम मिळालं. मग आपण सभेत भाषण करतो, "जिल्ह्यातली गुणवत्ता बाहेर जात आहे." जात नाहीये साहेब, आपण हसून घालवतोय.

आता तुमचा शेवटचा प्रश्न मला माहिती आहे. "एवढं आहे तर तुमच्या लेकीला घाला की इथल्या खासगी कॉलेजात." खरं उत्तर देतो. ऐपत असेल तर मी तिला चांगल्या प्रयोगशाळेच्या, पूर्ण प्राध्यापकांच्या कॉलेजात घालीन, ते पुण्यात असेल तर पुण्यात. नसेल ऐपत, तर इथं घालीन. पण माझी तक्रार कॉलेजबद्दल असेल, तिच्या शेजारी बसणाऱ्या लेकराबद्दल नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्यांची मुद्दाम भेसळ करतो. वर्गात मास्तर नाही, हा दोष वर्गात बसलेल्या पोराचा नसतो. दुष्काळ पडला म्हणून शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्या शहरी माणसाचा आपल्याला किती राग येतो! आपण आपल्याच पोरांशी तेच करतोय.

तेव्हा बोलायचंच असेल तर जिथं बोलायला हवं तिथं बोला. कॉलेजला विचारा, प्राधिकरणाने मंजूर केलेली फी किती आणि तुम्ही घेता किती? पावती देता का? कायम प्राध्यापक किती? शिष्यवृत्तीचा हप्ता सरकारकडून आला नाही म्हणून पोराचे कागद अडवून ठेवता का? मूळ कागदपत्रं ठेवून घेऊ नका असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. सरकारला विचारा, महाडीबीटीचे पैसे शैक्षणिक वर्ष संपायच्या आत का येत नाहीत? आणि पोराला विचारायचं असेल तर एकच विचारा, "तुला काय येतं?" मग त्याने उत्तर दिलं नाही तर खुशाल नापास करा. माझी हरकत नाही. टवाळ पोराची वकिली करायला मी बसलेलो नाही. त्याला त्याच्या नावाने टवाळ म्हणा, त्याच्या कॉलेजच्या हजार पोरांना त्यात ओढू नका.

आता ती बातमी.

अकरा वर्षांपूर्वी, थर्टी फर्स्टच्या रात्री, हायवेवरच्या एका ढाब्यावर गोंधळ झाला. पोलीस आले, पोरांना बसवून घेतलं. आमच्याकडं फोटो आला. मी मथळा दिला, "बापाचा पैसा, पोरांचा धिंगाणा". खाली, खासगी अभियांत्रिकीचे विद्यार्थी वगैरे. मथळा जमला म्हणून ऑफिसात कौतुकही झालं.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. भूमकडचे. डोक्याला टोपी, हातात घडी घातलेला आमचाच अंक. फोटोतल्या एका पोराचे वडील. पोरगं त्या ढाब्यावर संध्याकाळी वाढपी म्हणून कामाला होतं, मेसचे पैसे निघावेत म्हणून. गोंधळात तेही धरलं गेलं आणि फोटोत आलं. बातमी वाचून घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती. ते ओरडले नाहीत. अंक टेबलावर ठेवला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, बापाचा पैसा लिहिलाव. बाप म्हणजे मीच. ह्यात माझा पैसा कुठला, तेवढा दाखवा."

मी म्हणालो, खुलासा छापतो. चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. मी खुलासा लिहिला, पाठवला, तो छापून आला नाही. मी परत विचारलंही नाही. ते पोरगं पुढं काय झालं, कुठं आहे, मला ठाऊक नाही.

तो खुलासा आज इथं देतो. अकरा वर्षं उशीर झालाय.

खुलासा: त्या बातमीतल्या फोटोत डावीकडून दुसरा मुलगा धिंगाणा घालत नव्हता. तो तिथं कामाला होता. त्याच्या शिक्षणाचा काही खर्च तो स्वतः कमावत होता. मथळ्यात "बापाचा पैसा" असं लिहिलं होतं, ते चूक होतं. चूक माझी होती.

आता तो व्हॉट्सअॅपवरचा फोटो परत बघा. मोटारसायकलवर तिघं बसलेत. ट्रिपल सीट आहे, दंड करा. बाकीचं तुम्हाला माहिती नाही.